बसून आलेलं दुखणं

तिसगाव,
१४ ऑगस्ट १९४४

प्रिय यशया यास मरियाअक्काचा सलाम.

तुझं पत्र जुलैत पोचलं. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस.

तुझ्या भाच्याची, शलमोनची खबर विचारलीस. तो आहे तिथं आहे. पलटणीतून पळाल्याबद्दल सरकारनं वर्षाची सजा दिली, ती भोगतो आहे. महिन्याला एक कार्ड येतं, त्यावर ‘मी बरा आहे’ एवढंच असतं. याच्यापुढं त्या विषयावर मला लिहायला लावू नकोस.

माझं काम चालूच आहे. काल शिरापूरला जाऊन आले, परवा करंजीला जायचंय. करंजीच्या बाया आता बाराखडी ओलांडून जोडाक्षरांवर आल्यात. पोरांचे डोळे आलेत, ते बोरिकच्या पाण्यानं धुऊन देते. मिशनच्या बाई म्हणतात, मरियाबाई, तुमच्या पायांना चाकं आहेत.

त्या चाकांचंच विचारायचं होतं. संध्याकाळी घोट्याभोवती सूज येते. बोटानं दाबलं की खळगा पडतो आणि बराच वेळ तसाच राहतो. डाव्या पायाला जरा जास्त. हिंडण्यानंच होत असेल, दुसरं काय. एखादं मलम पाठवलंस तर लावीन.

चार दिवस तुझ्याकडं येऊन राहावं असंही मनात येतं. गोदावरीचं पात्र बघून फार दिवस झाले. विजयमालाला विचार आणि कळव. अडचण असेल तर राहू दे.

तुझी बहीण,
मरिया

.

पुणतांबा,
२३ ऑगस्ट १९४४

प्रिय अक्का,
सप्रेम सलाम.

तुझं पत्र वाचून मला तुझा रागच आला. पन्नाशी ओलांडली तरी तुझं आपलं खांद्याला झोळी आणि पायाखाली माळ. शिरापूर काय, करंजी काय! तो करंजीचा घाट चढताना तरण्याताठ्या माणसाला धाप लागते. पाय सुजतील नाहीतर काय होईल?

आता मी भाऊ म्हणून नाही, डॉक्टर म्हणून लिहितो. हिंडणं आजपासून बंद. मिशनच्या बाईंना माझं नाव सांग. दिवसभर पडून राहा, पायांखाली उशी घे. मीठ तोडून टाक, लोणचं-पापड नको. चेहऱ्यावर, डोळ्यांखाली सूज येते का? जिना चढताना दम लागतो का? तसं काही असेल तर लगेच कळव. मूत्रपिंडाची किंवा हृदयाची तक्रार नाही ना, एवढं बघायला हवं. माझ्या मते हा नुसता थकवा आहे. मलमाचा काही उपयोग नाही, विश्रांती हेच औषध.

शाळेत पोचवायला तू मला खांद्यावर बसवून ओढा ओलांडायचीस, ते आठवतं. पुढं माझ्या वैद्यकीच्या शिक्षणासाठी तू लग्नसुद्धा लांबवलंस. आता तरी कुणाला खांद्यावर घेऊ नकोस.

इकडं यायचं म्हणतेस, तर सध्या घराला चुना द्यायचं काढलंय. सगळं सामान अंगणात आहे, तुझे हाल होतील. नाताळानंतर बघू.

विजयमाला आणि आमची लेक दया तुला सलाम सांगतात.

तुझा भाऊ,
यशया

.

तिसगाव,
२० सप्टेंबर १९४४

प्रिय यशया यास सलाम.

तुझा हुकूम अक्षरशः पाळते आहे. खरं सांगू, तुझं पत्र आलं तेव्हा मला बरंच वाटलं. कुणी विचारलं, मरियाबाई दिसत नाहीत, तर केशरबाई परस्पर सांगते, भावानं पडून राहायला सांगितलंय, मोठा डॉक्टर आहे तो. मग पुढं कुणी विचारत नाही. केशरबाई म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहते ती. बाजारहाट, पाणी सगळं तीच बघते. संध्याकाळी माझा पाय तेल लावून चोळूनही देते.

चेहऱ्यावर सूज नाही. दमही लागत नाही. उजवा पाय आता हलका आहे. डावा मात्र तुझं ऐकत नाही. घोट्याची सूज पोटरीवर आली आहे. पोटरी तटतटलेली असते, हात लावला तर गरम लागते, आणि बाजेवरून पाय खाली सोडला की आतून कुणी पिळतंय असं होतं. केशरबाईनं चोळलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं.

इकडं पाऊस बरा आहे. भोपळ्याचा वेल दाराच्या चौकटीवर चढलाय, तो तोडवत नाही म्हणून तसाच ठेवलाय. काल केशरबाईनं खुंटीवरच्या माझ्या चपला खाली काढल्या, तर उंदरांनी अंगठे कुरतडलेले. ईस्टरला चर्चला जाताना घातल्या होत्या, त्यानंतर पायात घातल्याच नाहीत. चांगलं कातडं वाया गेलं.

घराचा चुना झाला का? दयाचं कसं आहे? तिच्या सोयरिकीचं काही कानावर आलं होतं.

तुझी बहीण,
मरिया

.

पुणतांबा,
२६ सप्टेंबर १९४४

प्रिय अक्का,

घाईत लिहितो आहे, टपाल निघायच्या आत हे टाकायचं आहे.

पहिली गोष्ट, पाय चोळणं ताबडतोब बंद कर. केशरबाईला माझ्या नावानं सांग, त्या पायाला तेलाचा हातसुद्धा लावायचा नाही. का, ते पुढं लिहितो.

दुसरी गोष्ट. मूत्रपिंड किंवा हृदय बिघडलं असतं तर दोन्ही पाय सुजले असते. एकच पाय, तोही गरम, तटतटलेला, पोटरीत पिळणारा, म्हणजे आतल्या शिरेत रक्ताची गुठळी झाली आहे, असं मला वाटतं. ती चालून होत नाही. बसून होते.

म्हणून तुझं पत्र मी पुन्हा वाचलं. अक्का, तू ऑगस्टात लिहिलंस की काल शिरापूरला जाऊन आले. आणि आता लिहितेस की चपला ईस्टरपासून खुंटीवर आहेत. मग करंजीचा घाट तू अनवाणी चढलीस का?

मी तुला दोष देत नाही, पण खरं कळल्याशिवाय मला औषध सांगता येत नाही. मी समजलो की तू फार चालतेस, म्हणून पडून राहायला सांगितलं. तू आधीच बसून होतीस तर मी तुला विषावर विष दिलं.

तुला समजेल असं सांगतो. हृदय रक्त खाली ढकलतं, पण पायातून ते वर चढवायला हृदयाचा जोर पुरत नाही. विहिरीतलं पाणी वर आणायला मोटेचे बैल लागतात, तशी पोटरी लागते. आपण चाललो की पोटरीचे स्नायू आवळतात आणि शिरेतलं रक्त वर जातं. माणूस महिनोन्‌महिने बसून राहिला की बैल उभे राहिले. रक्त तिथंच साचतं, संथ होतं आणि एखाद्या ठिकाणी गोठतं. लढाईच्या सुरुवातीला लंडनमध्ये लोक बाँबच्या भयानं रात्ररात्र तळघरात खुर्च्यांवर बसून काढत. बाँब न लागताच त्यातली काही माणसं अशा गुठळीनं गेली, असं मी एका वैद्यकीय मासिकात वाचलं होतं. वाचलं होतं आणि तुझ्या वेळी आठवलं नाही.

चोळलं की गुठळी सुटते. सुटलेली गुठळी छातीत जाऊन अडकते. म्हणून चोळायचं नाही, आणि एकदम उठून चालायलाही आत्ता लागायचं नाही. पाय उशीवर ठेव, पण निपचित पडू नकोस. बोटं आणि घोटा हलवत राहा, दीर्घ श्वास घे, पाणी भरपूर पी. छातीत कळ आली, धाप लागली, थुंकीत रक्त दिसलं तर क्षणाचाही उशीर न करता तार करा.

दवाखान्यात दोन अवघडलेल्या बायका आहेत. त्या मोकळ्या झाल्या की मी निघतो.

यशया

.

तिसगाव,
३० सप्टेंबर १९४४

डॉक्टरसाहेब यांस नमस्कार.

मी येथील शाळामास्तर रंगनाथ. तार करायला पाथर्डीला माणूस पाठवला आहे. तार चुकली तर निदान हे पोचावे म्हणून लिहितो. यापुढे केशरबाई सांगते ते तिच्याच शब्दांत उतरवतो.

डाक्टरसायेब, अक्काच्या छातीत आज सकाळी लई कळ आली. तोंड पांढरं पडलं, श्वास घेता येईना. खोकली तर थुंकीत रगत. आता वाईच थांबलंय, बोलती हाय, पर घाम पुसून पुसून माजा पदर वला झाला. तुमचं पत्र काल सांच्याला आलं, मास्तरांनी वाचून दावलं. मी आडानी बाई, मला काय ठावं? रोज चोळत हुते. माज्या हातानं झालं का हे? तुमी खरं सांगा. काल वाचल्यापासनं म्या पायाला हात लावला न्हाई.

अजून येक सांगते. अक्का तुमाला खोटं बोलली. ईस्टरचा सण झाला अन् तिच्या घरात लष्कराचे पोलिस आले, तवापासनं येक डाव बाजारला गेली त्ये सोडलं तर ती भाईर पडली न्हाई. दार लावून बाजंवर बसून असती. खिडकीला बी फडकं बांधलंय. चर्चची घंटा झाली की कानावर उशी घेती. मला शपत घातली हुती, भावाला कळवू नको म्हनून. ती मी आता मोडते. तुमी या.

ती सांगते ते खरे आहे. आम्हीही कुणी पुढे होऊन दार ठोठावले नाही, याची शरम वाटते.

रंगनाथ मास्तर

.

तिसगाव,
३० नोव्हेंबर १९४४

प्रिय यशया यास अक्काचा सलाम.

तू धावत आलास, माझ्याजवळ राहिलास, आणि परत गेल्याला आता महिना होत आला. मी जिवंत आहे आणि रोज थोडी जास्त जिवंत होते आहे, हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तुला शांतपणे वाचता येईल.

तू शिकवलंस तसं चाललंय. सकाळी उठायच्या आत पट्टा बांधते, बोटांपासून गुडघ्यापर्यंत. बाजेवर बसल्या बसल्या टाचा वर, चवडे वर करते. मग अंगणात फेऱ्या. पहिल्या दिवशी तू माझ्या काखेत हात घालून उभं केलंस तेव्हा मला वाटलं, पाय माझा नाहीच, कुणीतरी ओल्या वाळूचं पोतं लावलंय. आता वाळू कमी झाली आहे. केशरबाई माझ्या पुढं चालते आणि मागं वळून म्हणते, “आल्या का मडम?” तिला तू समजावलंस की तिच्या हातानं काही झालं नाही, ते फार बरं केलंस. पण तू तिला खरं सांगितलंस का तिचं मन राखलंस, ते मी विचारणार नाही.

तू बाजेजवळ बसून मला विचारलंस, “अक्का, इतकी कशाची लाज? पोलिस शलमोनसाठी आले, तुझ्यासाठी नाही.” मी तुला तेव्हा पोलिसांचंच सांगितलं. त्यांनी कणगीत काठ्या खुपसल्या, माझ्या पेटीतली लुगडी अंगणात टाकली, मी शिकवते त्या बाया कुंपणाबाहेर उभ्या होत्या. ते सगळं खरं. पण ते अर्धंच. उरलेलं तोंडानं सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

गावातल्या छबूबाईचा गोरक्ष तुला आठवत असेल. शलमोनच्याच वयाचा, एका शाळेतला. दोघं एकाच दिवशी नगरला जाऊन भरती झाले, दोघांना लॉरी चालवायला शिकवली. फेब्रुवारीत दोघं एकत्र सुट्टीवर आले, एकाच मोटारीनं परत निघाले. मी आणि छबूबाई रस्त्यावर उभ्या होतो. तिनं दोघांच्या हातावर दही घातलं. नगरच्या स्टेशनात गोरक्ष गाडीत बसला. शलमोन बसला नाही.

एप्रिलमध्ये तो मनमाडला हमाली करताना सापडला. तोवर पोलिस माझ्या घरी येऊन गेले होते. आणि त्याच आठवड्यात छबूबाईच्या घरी तार आली की ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर गोरक्षची लॉरी बाँबनं उडाली.

मी त्यानंतर एकदाच बाहेर पडले, तशीच अनवाणी, बाजारात, मीठ-मिरचीला. समोरून छबूबाई आली. तिनं मला पाहिलं, डोक्यावरची पाटी खाली ठेवली आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. यशया, ती ओरडली असती, माझ्या झिंज्या धरल्या असत्या तर मी उभी राहिले असते. ती नुसती बघत होती. बाजार थांबल्यासारखा झाला. मी पाठ फिरवली आणि मीठ न घेताच घरी आले. दार लावलं ते लावलंच.

मला शलमोन जिवंत असल्याचा आनंद झाला होता. तार तिच्या घरी आली हे ऐकलं तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? माझा नाही, हेच आलं. मग मी ते तोंड कुठं घेऊन जाणार होते?

म्हणून फाटकापर्यंत जाते आणि परत फिरते. त्यापुढं पाय उचलत नाही. हे गुठळीनं नाही, हे तुझ्या पट्ट्यानं बरं होणार नाही.

आणखी एक. विजयमालाचं पत्र आलं होतं. तिनं सहज लिहिलंय की लढाईमुळं यंदा चुना मिळालाच नाही, भिंती तशाच राहिल्या. मला काही विचारायचं नाही. तुला सांगावंसं वाटलं तर सांग.

तुझी बहीण,
मरिया

.

पुणतांबा,
१२ डिसेंबर १९४४

प्रिय अक्का,

ऑगस्टात घराला चुना द्यायचं ठरलंच नव्हतं.

दयासाठी कोपरगावच्या शांतवनरावांच्या मुलाचं चाललं होतं. ते ऑगस्टात दोनदा घरी येऊन गेले. त्यांना मी सांगितलं होतं की माझा भाचा लढाईवर आहे. तू येऊन राहिली असतीस आणि बोलण्याबोलण्यात निघालं असतं तर, अशी मला भीती वाटली. विजयमाला म्हणाली होती, “अक्कांना येऊ द्या, त्यांच्यावरून सोयरीक मोडली तर मोडू दे.” मी तिला गप्प केलं आणि तुला चुन्याचं लिहिलं.

तू तेव्हा इथं आली असतीस तर मी तुझा पाय डोळ्यांनी पाहिला असता. संध्याकाळी तुला नदीवर नेलं असतं. वाळवंटात चालली असतीस. तुझ्या छातीत ती कळ आलीच नसती, असं मी वैद्य म्हणून छातीठोक सांगू शकत नाही. पण भाऊ म्हणून मला तसंच वाटतं. तिसगावला तुझ्या उशाशी बसून मी तुला विचारत होतो, इतकी कशाची लाज? आणि स्वतःची लाज खिशात घालून बसलो होतो. तू श्वासासाठी धडपडत असताना मी तुझी नाडी धरली होती. त्याच हातानं मी चुन्याचं खोटं लिहिलं होतं.

गेल्या रविवारी मी कोपरगावला जाऊन शांतवनरावांना सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “डॉक्टर, मुलगा पळाला याचं मला काही नाही. तुम्ही माझ्या घरात बसून खोटं बोललात, त्याचं काय करू?” मी हात जोडून उठलो. सोयरीक राहील की जाईल, अजून कळलेलं नाही. दयाला सांगितलं तर ती म्हणाली, “आत्या आजारी होत्या तेव्हा तुम्ही मला का नाही नेलंत?” तिनं लग्नाचं काही विचारलं नाही.

आता तुझ्या पायाचं. घाबरवण्यासाठी लिहीत नाही, पण खोटं आता तुलाही नको आणि मलाही नको. जी शीर बुजली ती पूर्वीसारखी पूर्ण मोकळी होईलच असं नाही. तो पाय उरलेल्या आयुष्यात संध्याकाळी जड होत राहील. पण बुजलेल्या शिरेच्या आजूबाजूला बारक्या शिरा असतात. रक्त त्यांतून वाट काढतं, त्या रुंद होत जातात, आणि काही वर्षांनी तेच काम त्या बऱ्यापैकी करू लागतात. मात्र हे चालणाऱ्या माणसाच्याच पायात होतं. अंगणातल्या फेऱ्यांनी सुरुवात होते, पण अंगण पुरत नाही. पोटरीला चढ लागतो, लांबी लागते, रोजच्या रोज लागते. पुन्हा बसलीस तर दुसरी गुठळी होईल. पहिली तुला सोडून गेली, दुसरी सोडेलच असं नाही.

फाटकाबाहेर पड एवढंच सांगतो. कुठं जा, ते मी सांगायच्या लायकीचा नाही.

नाताळला येतो. दयाला घेऊन येतो.

तुझा,
यशया

.

तिसगाव,
१८ फेब्रुवारी १९४५

प्रिय यशया यास अक्काचा सलाम.

दयाचं कार्ड पोचलं. शांतवनरावांनी होकार दिला हे वाचून केशरबाईनं गुळाचा खडा तोंडात घातला. दया लिहिते की होकार देताना त्यांनी तुला म्हटलं, आता इतकं खरं बोलताय तर मुलाच्या बापाला हुंड्याचंही खरं बोलायला लावू नका. म्हणजे ते नको म्हणाले का हवं म्हणाले, तेवढं मला नीट कळव.

नाताळात तुम्ही दोघं आलात, दयाचा हात धरून मी चर्चला गेले. लोक सरकून जागा देत होते आणि मी जमिनीकडं बघत होते. पण गेले. त्यानंतर चर्च, मग शाळा, मग ओढा, असं रोज वाढवत गेले. ओढ्यापलीकडं छबूबाईचं शेत आहे, म्हणून ओढ्यापाशी थांबायचे.

गेल्या मंगळवारी थांबले नाही. धैर्य आलं असं समजू नकोस. ओढ्यात उतरले, पलीकडचा चढ चढताना पोटरी दुखायला लागली, आणि तिथं थांबण्यापेक्षा वर जाऊन थांबावं म्हणून वर गेले. वर छबूबाई ज्वारीची कणसं खुडत होती. एकटीच होती.

पूर्वी मी तिच्याकडं जायचे तेव्हा अंगणात बसायचे, ओट्यावर कधी चढले नाही. तिनंही चढ म्हटलं नाही, मीही चढले नाही, तसाच रिवाज. शेतात ओटा नसतो. मी बांधावर उभी राहिले. तिनं पाहिलं, पण हात थांबवला नाही.

पाटी भरत आली तेव्हा म्हणाली, “का आलीस?”

मी म्हटलं, “छबूबाई, मला तोंड दाखवायला जागा नव्हती. माझ्या लेकानं—”

“तुज्या लेकाचं कोन इचारतंय?” तिनं कणीस पाटीत फेकलं. “माजं लेकरू गेलं. सगळं गाव दारात आलं. ज्याच्याशी बांधावरनं भांडन हाय त्यो बी आला. तू आली न्हाईस.”

तिनं दुसरं कणीस खुडलं.

“बाजारात तुला बघितलं. म्हनलं, आता ही येईल, गळ्यात पडंल. डोक्यावर पाटी घेऊन गळ्यात कसं पडायचं, म्हनून मी पाटी खाली ठिवली. अन् तू पाठ फिरवून गेलीस. मग दार लावून बसलीस. गाव मला इचारायचं, मरियाबाईला तू काय बोल्लीस? तिला काय शाप दिलास? मी येक शबुद बोल्ले न्हाई. माजं प्वार बी गेलं अन् वाईट बी मीच झाले. तू आजारी पडलीस तवा तर बाया माज्याकडं असं बघायच्या, जनू मीच इख घातलं.”

यशया, आठ महिने मी त्या खोलीत शरमेनं बसून होते आणि मला वाटत होतं, शिक्षा मी एकटी भोगते आहे. शरम खरी होती, पण ज्या गोष्टीची वाटायला हवी होती तिची ती नव्हतीच. मुलगा पळाला म्हणून तोंड लपवलं, आणि तिचा मुलगा मेला तिथं दोन पावलं गेले नाही. हे मला त्या बांधावर कळलं. तेव्हा जे वाटलं त्याच्यापुढं आधीचं काहीच नव्हतं.

मी खाली बसायला गेले, तर ती ओरडली, “बसू नको! तुज्या भावानं बसायची बंदी केलीया म्हनं. केशर सांगत हुती.” मग पाटी उचलून म्हणाली, “खळ्यापातूर चल.”

ती पुढं, मी मागं. ती भराभर चालते, तुला माहीत आहे. मला ते झेपत नव्हतं. तिनं वळून पाहिलं नाही, पण हळू झाली.

खळ्यावर पाटी रिकामी करताना तिनं विचारलं, “शलमोन कवा सुटतो?”

मी म्हटलं, “एप्रिलात.”

“तुजा जिता हाय,” ती म्हणाली. “मला त्येचा राग येतो. रोज येतो, खोटं कशाला बोलू? पर गोरक्षला शेवटचं बघितलं त्ये त्येनंच. गाडीत बसताना माजं लेकरू काय बोल्लं, हसत हुतं का रडत हुतं, मला कुनी सांगितलं न्हाई. सरकारच्या तारंत त्ये नसतं. सुटला की त्येला माज्याकडं धाड. त्येच्या तोंडानं ऐकायचं हाय मला. न्हाई म्हनला तर तू वढून आन.”

मी हो म्हटलं.

घरी आले तेव्हा पाय जड झाला होता, पण पट्टा सोडला तर खळगा उथळ होता. सांगायला हरकत नाही, रात्री झोपही लागली. सकाळी पुन्हा गेले. तिनं मला कणसं खुडू दिली.

काल शलमोनचं कार्ड आलं. या वेळी चार ओळी जास्त आहेत. लिहितो की सुटल्यावर तिसगावला येणार नाही, परस्पर मुंबईला जाऊन गोदीत काम बघेन, अक्षरओळख असल्यानं कुठंतरी लागेन, तुला माझ्यामुळं आणखी खाली बघायला लावणार नाही. अगदी माझाच मुलगा आहे.

म्हणून मी ठरवलं आहे. तो सुटेल त्या दिवशी मी तुरुंगाच्या दरवाजाशी उभी राहणार. तू मला नगरहून पुढच्या गाडीत बसवून दे. एवढा प्रवास बसून करायचा तर वाटेत काय काय हलवायचं, कुठं उतरून फेऱ्या मारायच्या, ते लिहून पाठव. आणि सोबत येऊ नकोस. त्याला मामाला तोंड द्यायला लागू नये, आधी आईला देऊ दे.

तिथून त्याला छबूबाईच्या खळ्यापर्यंत आणायचं आहे. त्याचे पाय धडधाकट आहेत, तरणा आहे. पण ओढ्यापलीकडचा तो चढ त्याला माझ्यापेक्षा जड जाईल, हे मला माहीत आहे. मी त्याच्या पुढं चालेन. मागं वळून बघणार नाही, पण हळू चालेन.

तुझी बहीण,
मरिया